ओझ्याचा दगड

४ जानेवारी, रविवार. महाड

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, स्वतःची कधी लिहिली नाही. आज किशोरच्या दुकानातून दोनशे पानी घेतली. कारण ओंकार.

ओंकार माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेला त्याला सहा वर्षं झाली. पोरगा एकोणतीस वर्षांचा आहे, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. वाडीवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून ‘घर’ म्हणजे माझं, तिसऱ्या मजल्यावरचं. (पुरानंतर तळमजला विकून वर आले. पाण्याचा एकदाच पाहुणचार करायचा असतो.) सकाळी नऊला कॉम्प्युटरसमोर बसतो तो जेवायला उठतो आणि पुन्हा बसतो. पोट शर्टाच्या बटणांमधून डोकावू लागलं आहे. आमच्या घराण्यात हे कुणाला नव्हतं. बाबा पाठीमागून पाहिले तर शेवग्याच्या शेंगेसारखे दिसायचे.

आज सोनाचा फोन आला. सोना म्हणजे ओंकारची आई, माझी भावजय. फोन करायला तिला वाडीच्या वरच्या टेपावर चढावं लागतं आणि बोलताना तिला धापसुद्धा लागत नाही.

“वन्सं, गावकी बसली होती. तुमचं नाव निघालं.”

“माझं नाव काढायला गावकीला आणखी काम नव्हतं?”

“चार शिमगे तुमी आला नाय. यंदाचा पाचवा. यंदा आला नाय, तर ओटीचा मान तेजश्रीकडं जाणार. सगळ्यांनी माना हलवल्या. मी एकली काय बोलू?”

शिमग्याला देवीची पालखी आमच्या अंगणात टेकते तेव्हा पहिली ओटी घरच्या लेकीनं भरायची, ही आमच्या घराची रीत. आधी माझी आत्या भरायची, मग मी. लग्न केलं नाही म्हणून एका वर्षी कुरकुर झाली, तेव्हा आईनं सगळ्या गावकीला सुनावलं होतं, “लेक ती लेक. तिला नवरा हाय का, ते देवीनं मला इचारलं नाय, तुमी कोण?” तो मान आता भावकीतल्या तेजश्रीकडे जाणार. ती मुंबईहून येते आणि देवीसमोर उभी राहून स्वतःचेच व्हिडिओ काढते.

मी जाणारच. पोलादपूरहून जीप पायथ्याला सोडते. पुढे रस्ता नाही, दीड तासाची चढण. ती माझ्या पायांना पाठ आहे. प्रश्न ओंकारचा आहे. पालखीला आमच्या घरचा खांदा त्याचा. हा असा वर गेला तर पालखीच त्याला उचलेल. शिमग्याला दोन महिने आहेत. उद्यापासून सुरुवात.

५ जानेवारी

वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवलं. दर पन्नास मिनिटांनी मी देवघरातली घंटा वाजवीन. घंटा झाली की उठायचं, गॅलरीपर्यंत चार फेऱ्या, हात वर, हात खाली. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नार्ड असंच करवायच्या. डोक्यावर पुस्तक ठेवून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिचं पुस्तक पडलं ती रात्री पुडिंगला मुकली. बाबा तिथे माळी होते, म्हणून मला फुकट ठेवून घेतलेली. त्यामुळे माझं पुस्तक पडणं मला परवडणारं नव्हतं. ते कधी पडलंही नाही.

ओंकार म्हणाला, “आत्या, सिस्टर बसून घंटा वाजवायच्या का?”

“सिस्टर आमच्यापुढे चालायच्या.”

“मग तू पुढे चाल. तरच मी उठणार.”

वकील व्हायचा तो कॉम्प्युटरवाला झाला. ठीक आहे, शिस्तीखातर मीही उठते. वास्तविक मला गरज नाही. मीही दिवसभर कॉम्प्युटरवर असते, पण मी एका कंपनीसाठी मुलांचे इंग्रजी निबंध तपासते, दिवसाला साठ. त्याला काम म्हणतात, बसणं नव्हे.

११ जानेवारी, रविवार

किशोरच्या दुकानात पोती मोजायचा मोठा काटा आहे. ओंकारला त्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर किलो.

किशोर माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, “बाई, आलाच आहात तर तुम्हीपण चढा.”

“किशोर, मी पोतं आहे का?”

“नाय बाई, तसं नाय…”

“मग गिऱ्हाइकांकडे बघ.”

ओंकार दुकानाबाहेर तोंड फिरवून उभा होता. खांदे हलत होते. हसत होता बहुधा.

दुपारी मोटारसायकल काढून पोलादपूरला मित्राकडे गेला. रविवारची एक सुट्टी, तीही बसून घालवणार.

१४ जानेवारी

तिळाचे अकरा लाडू केले होते, कॉम्प्युटरशेजारी डबा ठेवला होता. निबंध तपासताना काहीतरी तोंडात असलं की मुलांच्या चुका सोसवतात. दुसरा लाडू घेऊन पाणी प्यायला गेले, परत आले तर डबा रिकामा. “मी खाल्ले,” म्हणे. नऊ लाडू! ज्याच्यासाठी मी घंटा वाजवते, त्यानं.

१९ जानेवारी

लिफ्ट बंद. आमच्या मजल्यावरच्या दारावर छापील कागद: ‘दुरुस्तीसाठी बंद’. किती दिवस, ते लिहिलेलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी मुरारी यांना पत्र लिहून टाकलं. दिवसातून दोनदा तीन मजले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थोडं थांबावं लागलं, ओंकारसाठी.

२३ जानेवारी

ओंकारला एकट्यानं चालायचा कंटाळा येतो. “तू असलीस की बोलत बोलत होतं.” म्हणून रोज सकाळी मी त्याच्याबरोबर चवदार तळ्याला एक फेरी मारून सावित्रीच्या बांधापर्यंत जाते. एमआयडीसीच्या बसगाड्या त्याच वेळी जातात, रात्रपाळीची माणसं काचेला डोकं टेकून झोपलेली. माझे निम्मे विद्यार्थी त्या काचांमागे असतील. वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो, मग तोंडाला पदर.

एक चमत्कारिक सवय लागली आहे त्याला. चालायला निघताना स्वतःचा मोबाइल माझ्या पिशवीत टाकतो. “खिशात जड होतो गं.” मोबाइल जड होतो! याचा आजोबा डोक्यावर लोखंडी ट्रंक घेऊन डोंगर चढायचा.

घरी आल्यावर मोबाइल काढून बघतो आणि माझ्याकडे बघून उगाच हसतो. कुणी मुलगी असावी. असेना.

१ फेब्रुवारी, रविवार

ओंकार एकोणऐंशी. वाढला! काट्यात दोष आहे असं मी किशोरला सांगितलं. तो म्हणाला, “बाई, काटा पास केलेला हाय.” म्हटलं, तूही पासच झालास, त्यानं काय सिद्ध झालं?

आज ती ट्रंक आठवत राहिली. हिरवी, वर पांढऱ्या रंगात माझं नाव: हिरा सकपाळ. नाताळच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीला मी आणि बाबा एसटीनं आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला यायचो. तिथून सगळंच पायी. पायथ्यापासून अर्ध्या वाटेवर, चढण सगळ्यात उभी होते तिथे, ओझ्याचा दगड आहे. पुरुषभर उंच, माथा सपाट. डोक्यावर ओझं असलेला माणूस तिथे कुणाची मदत न घेता ओझं सरकवतो, दम खातो, आणि पुन्हा डोक्यावर ओढून घेतो. खाली ठेवलं तर उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं. एकट्यानं चढणाऱ्यांसाठी कुणीतरी कधीतरी उभा केलेला.

बाबा तिथे दर वेळी थांबायचे. “हिरे, मी दमलो गो. जरा टेकू या.” मी नऊ वर्षांची, फ्रॉकमध्ये, पायात कॉन्व्हेंटचे बूट. मला त्यांची कीव यायची. मी त्या दगडाच्या सावलीत बसून बाटलीतलं पाणी प्यायची, खडे मोजायची, आणि मला पुरेसा कंटाळा आला की ते म्हणायचे, “आता बरं वाटतंय. चल.” वर पोचल्यावर मी आईला सांगायची, बाबा दमले, मी नाही दमले. आई म्हणायची, “माझी वाघीण ती.”

त्या वाटेचा वास अजून येतो. उन्हात तापलेल्या गवताचा. आम्ही दोघंच असायचो आणि पूर्ण डोंगर आमचा.

८ फेब्रुवारी, रविवार

मुरारी भेटले, खालीच. मी लिफ्टचा विषय काढला. म्हणाले, “बाई, लिफ्ट चालू आहे की. मी आत्ताच उतरलो.” इतक्या तोंडावर खोटं बोलणारा माणूस मी शाळेतसुद्धा पाहिला नव्हता. म्हटलं, आमच्या मजल्यावर या आणि कागद वाचून दाखवा. ते काही बोलणार तेवढ्यात ओंकारनं त्यांना बाजूला घेतलं, बहुधा माझ्या बाजूनं चांगलं झापलं. परत आले तेव्हा मुरारी म्हणाले, “हो हो, बंद आहे. विसरलोच.” असं दमात घ्यावं लागतं.

ओंकारची पाठ दुखते म्हणून माझी गादीची खुर्ची त्यानं नेली. मला लाकडी स्टूल. त्यावर तासभरही बसवत नाही, घंटेआधीच उठावं लागतं. ओंकार ऐंशी.

१५ फेब्रुवारी, रविवार

जांभळा ब्लाऊज काढला, शिमग्याला घालावा म्हणून. सैल झाला आहे. आजकालचं कापड धुऊन धुऊन सुटतं.

सकाळच्या फिरण्यात आता तळ्याच्या दोन फेऱ्या होतात, बांधावरून पुढच्या पुलापर्यंत. वाटेत ओंकारला मी वाडीचं सांगते. तिथल्या विहिरीचं, नाचणीच्या खळ्याचं, आईच्या आवाजाचं. तो तिथेच जन्मलेला, त्याला सगळं ठाऊक आहे, तरी विचारतो, “मग?” आज म्हणाला, “आत्या, चार वर्षं का नाही आलीस गं?”

सांगितलं, निबंध.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपार. ओंकार नेहमीप्रमाणे मोटारसायकलवर पोलादपूरला. घर रिकामं आहे, म्हणून लिहिते. वहीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही, ती तपासणारी मीच.

निबंध वगैरे कारण नव्हतं. गेल्या शिमग्याला मी गेले होते. रितेशच्या जीपनं पायथ्यापर्यंत. ओटीचं सगळं पिशवीत होतं, खण, नारळ, तांदूळ. दोनशे पावलं चढले असेन. छातीत भाता चालला, गुडघा म्हणाला पुढे नाही. खाली उंबराच्या पारावर येऊन बसले. वरून ढोल ऐकू येत होता. पालखी कुठल्या अंगणात असेल ते मी आवाजावरून सांगू शकत होते. आमच्या अंगणात वाजला तेव्हा कळलं. मग त्याच जीपनं परत आले आणि सोनाला निरोप पाठवला, कामाची गर्दी. नारळ घरी आणून फोडला, चटणी केली.

रितेशला शपथ घातली होती कुणाला सांगू नकोस. चांगला मुलगा आहे, वर्गात कधी बडबड केली नाही.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता रोज चालेन. मग पहिल्या वर्षी कॉम्प्युटर घेतला. शाळेत दिवसभर उभी असायची मी, खडू हातात, वर्गातून वर्गात, जिना वर, जिना खाली. कुणी त्याला व्यायाम म्हटलं नाही, म्हणून तो गेला तेव्हा कळलंही नाही. डिसेंबरात गुडघा दाखवायला गेले, त्या डॉक्टरनं मला काट्यावर उभं केलं आणि काहीतरी पुटपुटला. मी चष्मा काढून ठेवला होता, आकडा पाहिला नाही. ओंकार सोबत होता, त्यानं ऐकून घेतलं.

भीती वाटते. ओंकारसाठी नव्हे. लिहून टाकलं, संपलं.

१ मार्च, रविवार

ओंकार एक्क्याऐंशी. दोन महिने घंटा वाजवून तीन किलो वाढले. माझ्या चिवड्याचा, चकल्यांचा, नानकटाईचा, प्रत्येक डबा त्यानं संपवला आहे. मी त्याला म्हटलं, “माझ्या आयुष्यात इतका नापास विद्यार्थी मला मिळाला नाही.”

“खरंय, आत्या,” म्हणाला. वाईटही वाटलं नाही त्याला.

परवा निघायचं.

४ मार्च. वाडी

काल काय झालं ते क्रमानं लिहिते.

उजाडता पायथ्याला पोचलो. रितेश जीपमधून म्हणाला, “बाई, मी दहापर्यंत थांबतो हितं.” म्हटलं, तुझं डिझेल तुझ्याजवळ, तू जा. तो गेला नाही.

दोनशे पावलं झाली. उंबर मागे पडला. छाती धडधडत होती, पण भाता नव्हता. गुडघा बोलला, पण ओरडला नाही. मी चालत राहिले. ओंकार मागे. वळणावर वळण. ओझ्याचा दगड दिसला तेव्हा सूर्य वर आला होता आणि गवताला तो वास सुटला होता.

दगडाच्या पलीकडे माणसं बसलेली. भागोजी, आमच्या शेजारच्या घरातला, सत्तरी ओलांडलेला, माझा लहानपणचा सोबती. वाडीतलाच चांगू. आणि दर्शना, चांगूची सून, पदर खोचून. त्यांच्यामध्ये डोली पडलेली. लांब वेळू, त्याला बांधलेलं घोंगडं. वाडीतलं आजारी माणूस असंच खाली नेतात. घरटी एक खांदा द्यायचा. तरणे पुरुष मुंबईला, म्हणून हल्ली सुनाही खांदा देतात.

“कोण आजारी आहे?” मी विचारलं.

भागोजीनं विडी विझवली. “कोन नाय गो हिरे. ही तुझी डोली. तू दमलीस तर.”

“माझी?”

“ह्या पोरानं दर ऐतवारी येऊन आमच्याकडून सराव करून घेतला. दोन पोत्यांत भात भरून. त्र्याऐंशी किलो, मोजून. डागदरानं सांगितलेलं वजन म्हनं. पैल्या ऐतवारी ह्या दगडापत्तुर येता येता माझा खांदा निसटला, माहीत हाय?”

ओंकार खाली बघत होता. शाळेत मी अशी मुलं हजारदा समोर उभी केली आहेत.

म्हणजे रविवारचा मित्र हा. मला बाकीचंही एकेक करून दिसू लागलं. माझ्या पिशवीतून माझीच पावलं मोजणारा मोबाइल. स्टूल. लिफ्टचा छापील कागद, जो फक्त आमच्याच मजल्यावर होता. नऊ लाडू.

“रितेशनं सांगितलं तुला,” मी म्हणाले.

“गेल्या शिमग्यालाच,” तो म्हणाला. “आत्या, तू ओरड. पण मान तेजश्रीकडे गेला असता तर तू परत कधी वर आली नसतीस.”

मला भयंकर राग आला. माझे त्र्याऐंशी किलो, पूर्ण वाडीला पाठ! मी म्हटलं, “माझे पाय माझे आहेत. डोली घेऊन जा वर.”

भागोजी जागचा हलला नाही. “रिकामी न्यायची नाय. खाली आनलेली डोली रिकामी वर गेली तर माणूस मागते. कायतरी ठेव तरी तिच्यात.”

ही रीत मला माहीत होती. लोक धोंडा ठेवतात, नाहीतर गवताचा भारा. मी पिशवी उघडली. खण, पाच नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं घोंगड्यात नीट मांडलं. म्हटलं, “देवीची ओटी आहे. हिला न्या. सांभाळून.”

दर्शना पदरात तोंड घालून हसली. “बाई, दोन म्हयने त्र्याऐंशी उचाललं आनि आता पाच नारळ!”

चौघांचे खांदे हवे होते, चौथा ओंकारचा. तो वाकणार तेवढ्यात माझ्याकडे वळला. घाम पुसला. म्हणाला, “आत्या, मी दमलोय. जरा टेकू या?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो दमला होता, थोडा. इतका नाही.

मी दगडाच्या सावलीत बसले. जिथे बसायची तिथेच. बाटलीतलं पाणी प्यायले. खाली खडे होते. हात आपोआप त्यांच्याकडे गेला आणि मी मोजायला लागले. सात झाले तेव्हा मला बाबांचा चेहरा आठवला, या दगडाशी उभे असतानाचा. साठ वर्षांत पहिल्यांदा नीट आठवला. ते माझ्याकडे बघत असायचे. दगडाला टेकलेलेही नसायचे.

खडे ठेवून दिले. श्वास परत जागेवर आला होता.

“आता बरं वाटतंय,” ओंकार म्हणाला. “चल.”

पुढे ओटीची डोली, मागे मी. सोना वाडीच्या वाटेवर तांब्या घेऊन उभी होती. “वन्सं, चालत आला?” एवढंच म्हणाली आणि तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं.

आज पालखी आली. ओटी मी भरली. तेजश्रीनं व्हिडिओ काढला, मी काढू दिला. ओंकारनं तासभर पालखी नाचवली, एक्क्याऐंशी किलोनं. माझ्या खाण्याच्या डब्यांचं वजन देवीच्या कामी आलं म्हणायचं.

६ मार्च. महाड

उतरताना ओंकार मागे पडत होता. पालखीनं त्याचा उजवा खांदा सुजला होता, पायाला फोड आलेले, तरी पाठीवर माझीसुद्धा पिशवी. विचारलं तर म्हणे, “काही नाही गं, मस्त आहे.” खोटारडा. आमच्या घराण्यातला.

ओझ्याचा दगड आला. उतरणीला तिथे कुणी थांबत नाही. मी थांबले.

“ओंकार, मी दमले रे. जरा टेकू या.”

त्यानं लगेच पिशव्या दगडावर सरकवल्या आणि सावलीत बसला, डोळे मिटून. मी उभी राहिले, दगडाला न टेकता. अजिबात दमले नव्हते.

त्याचा रंग पुरता परत येईपर्यंत थांबले. मग म्हटलं, आता बरं वाटतंय, चल.